गाळलेला आवाज

सुवर्णा बिराजदारने धाकट्या बहिणीचा आवाज गाळला, तेव्हा तिच्याकडे त्याचं चांगलं कारण होतं. चिपमध्ये जागा कमी होती. कुणी विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं, आणि ते पटलंही असतं. पण कुणी विचारलंच नाही.

सुवर्णा सोलापुरात 'निनाद' नावाच्या कंपनीत कामाला होती. ऐकू न येणाऱ्यांसाठी कानाची यंत्रं तिथे बनत. कानाच्या आतल्या शंखात बारीक तार बसवायची, बाहेर कानामागे एक चकती चिकटवायची. चकती आवाज टिपते, त्याचे विजेचे ठोके करते आणि तार ते ठोके थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवते. ही युक्ती जुनीच होती. अडचण अशी की म्हाताऱ्या माणसाला त्यातून सगळंच सारख्या जोराने ऐकू यायचं. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा आणि समोर बसलेली बायको, सगळे एकदमच डोक्यात घुसायचे. बरेच जण आठवड्याभरात चकती काढून कपाटात ठेवून द्यायचे.

'निनाद'ने त्यावर उपाय काढला होता, आणि त्यातला मोठा भाग सुवर्णाचा होता. तिचे वडील चन्नवीर बिराजदार, म्हणजे अप्पा, चादरीच्या कारखान्यात उभी हयात मागांच्या खडखडाटात काढून ठार बहिरे झाले होते. त्यांच्या कानात तार बसवण्याची शस्त्रक्रिया ठरली, त्या आठवड्यात स्वयंपाकाला येणाऱ्या नागव्वाबाईंनी खलबत्ता पुढ्यात घेऊन तिला विचारलं,

"कानात घालायचं ते यंत्र माणसं ओळखतंय म्हणे? कसं काय?"

सुवर्णा ओट्याला टेकून उभी राहिली. "शेंगाचटणीला काय काय लागतं, नागव्वा?"

"दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. आणि जेवताना वरून दही."

"मग दर जेवणाला दाणे भाजत बसता का?"

"कशाला? एकदाच कुटून ठेवायचं. पानात वाढलं, दही घातलं, की झालं."

"आम्हीपण तेच करतो. आमच्या प्रोग्रामला तीन गोष्टी लागतात. कुणाचे आवाज ऐकायचे, घर कसं आहे, आणि आत्ता या क्षणाला कानावर काय पडलं. तिसरी गोष्ट सारखी बदलते. पण पहिल्या दोन आधीच माहीत असतात की नाही? त्या आधीच घालून ठेवायच्या. मग जो प्रोग्राम उरतो तो लहान असतो, आणि तिसऱ्या गोष्टीचीच वाट बघत बसतो. आली की लगेच काम."

नागव्वांनी बत्ता थांबवला. "आणि कुणाला लसूण नको असला तर?"

"ते कुटायच्या आधी सांगायचं."

खरं तर गोष्ट याहून थोडी कडक होती. अर्धं भरून ठेवलेलं असं काम संगणकाच्या बऱ्याच भाषांमध्ये करता येतं, आणि तिथे मूळ प्रोग्राम मागे शाबूत राहतो. हवं तेव्हा नवी नावं द्या, पुन्हा चालवा. पण कानामागच्या चकतीतल्या चिपमध्ये एवढ्या मोठ्या प्रोग्रामला जागाही नसते आणि वीजही नसते. म्हणून 'निनाद'मध्ये तो कंपायलरमधून काढत. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आणि सुवर्णा त्याच्यावरच काम करायची. तिच्या कंपायलरला आधी भरलेल्या गोष्टी कळल्या की तो विचार करायचा, आता कुठल्या वाटांनी कधीच जावं लागणार नाही? त्या सगळ्या वाटा तो बुजवून टाकायचा. मागे उरायचा तो या माणसांचे आवाज उचलणारा आणि बाकी सगळं दाबणारा एवढासा प्रोग्राम. शरीराच्या उबेवर चालेल इतका हलका. ज्याचा आवाज आधी दिला नाही, तो माणूस त्या चिपच्या लेखी पंखा आणि रिक्षा यांच्यातलाच एक. त्याला नंतर आत घ्यायचं तर बटण नव्हतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून बनवावं लागायचं.

अप्पांसाठीचे आवाज सुवर्णाने गोळा केले. स्वतःचा, नागव्वांचा, खालच्या मजल्यावरचे अप्पांचे पत्त्यांचे सोबती मल्लिनाथ कोरे यांचा, आणि डॉक्टरांचा. धाकट्या बहिणीने, गिरिजाने, गुवाहाटीहून आपल्या आवाजाचा नमुना पहिल्याच दिवशी पाठवला. ती तिथे नद्यांच्या पुराचे अंदाज देणाऱ्या केंद्रात होती, आणि अलीकडे पूर वर्षातले सात-आठ महिने हटत नसल्यामुळे तिला सुट्टी अशी मिळतच नव्हती. दिलेला उतारा वाचून झाल्यावर तिने शेवटी स्वतःहून दोन वाक्यं घातली होती, "अप्पा, आता तरी माझं ऐका. निदान ऐकू तरी येऊ द्या," आणि खळखळून हसली होती.

आई गेल्यावर पुण्याची नोकरी सोडून सोलापुरात परत आली ती सुवर्णा. अप्पांच्या गोळ्या, पथ्य, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं तिने केलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, असं ती मानत होती. चिप बनवण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गिरिजाचा व्हिडिओ कॉल आला. अप्पांना अक्षर ऐकू येत नव्हतं. गिरिजा पडद्यावर नुसती तोंडं वेडीवाकडी करत होती आणि अप्पा पोट धरून हसत होते. सुवर्णा अंबील घेऊन आत आली. तेव्हा अप्पा, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, पडद्याला म्हणाले, "तू असलीस की घर घर वाटतंय बघ, गिरी."

सुवर्णाने वाटी टेबलावर ठेवली. अप्पांनी मान न वळवता ती ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसल्यावर तिने चार नमुने आत घातले. पाचवा समोर होता. चिपमध्ये जागा कमी होती हे खरं, पण पाचव्यापुरती होती. रोज घरात असणाऱ्यांचे आवाज आधी घ्यावेत असं कंपनीचं मार्गदर्शन होतं, आणि गिरिजा रोज घरात नव्हती. सुवर्णाने कंपायलर चालू केला आणि चहा करायला उठली. परत आली तोवर काम झालं होतं.

शस्त्रक्रिया झाल्यावर चकती लावली त्या दिवशी अप्पा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसले. मग नागव्वा म्हणाल्या, "अप्पा, ऐकू येतंय का हो?" आणि अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नागव्वा पदराला डोळे पुसत राहिल्या. कोरे वर आले, त्यांनी कानाशी येऊन एक कचकचीत शिवी हासडली आणि अप्पा म्हणाले, "हां, आलं. स्पष्ट आलं." त्या दिवशी घर आनंदाने भरून गेलं. अप्पांनी सुवर्णाच्या डोक्यावर हात ठेवला. तिला आठवत होतं तेव्हापासून त्यांनी असा हात ठेवला नव्हता.

संध्याकाळी गिरिजाचा कॉल आला. अप्पा फोन दोन्ही हातांत धरून बसले. पडद्यावर तिचे ओठ हलत होते. अप्पांचा चेहरा हळूहळू बावचळत गेला.

"घुं घुं येतंय नुसतं," ते म्हणाले. "सुवर्णे, हिचा आवाज का येईना?"

त्या क्षणी खरं सांगणं सोपं होतं. जागा नव्हती अप्पा, पुढच्या वेळी घालू, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण घरात सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि तिने कॉल म्यूट केला. तिच्या तोंडून निघालं, "तिनं नमुना पाठवला नाही, अप्पा."

अप्पांनी पडद्याकडे परत एकदा पाहिलं. "कामात असंल," ते म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला.

स्वयंपाकघरात जाऊन सुवर्णाने बहिणीला सांगितलं, "तुझी पट्टी उंच आहे गं. त्यांच्या वयाला ती पकडता येत नाही. होतं असं कधी कधी."

"अय्यो! मग मी घोगरं बोलू का?" गिरिजा हसून म्हणाली. मग हसू ओसरलं. "अक्का, पण तुझं ऐकू येतंय ना त्यांना? मग बास झालं."

ज्यांचे आवाज चिपमध्ये नाहीत त्यांचं बोलणं फोनवर अक्षरांत उमटायचं. अप्पांनी दोन-तीनदा ते वाचलं आणि फोन बाजूला सारला. "पोरीचं बोलणं काय पेपरासारखं वाचायचं?" ते म्हणाले. हळूहळू गिरिजाचा कॉल आला की ते झोपेचं सोंग घेऊ लागले. तिचं नाव निघालं की विषय बदलू लागले. सुवर्णाला हे दिसत होतं. नवी चिप बनवायची विनंती टाकायला तिला पाच मिनिटं पुरली असती, पण विनंतीत बदलाचं कारण लिहावं लागायचं. ती ते पान उघडायची आणि बंद करायची. रोज सकाळी अप्पा तिच्या हाकेला ओ द्यायचे, आणि रोज ती ओ ऐकताना तिला चोरीचं काहीतरी खाल्ल्यासारखं वाटायचं.

पूर ओसरल्यावर, थंडीच्या सुरुवातीला, गिरिजा न कळवता आली. हातात बांबूची टोपली, त्यात तिकडची मोठाली लिंबं. दारातूनच "अप्पा!" म्हणून ओरडली. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. ते वळलेही नाहीत. तिने समोर जाऊन वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणाले, "आलीस? जेवून घे," आणि परत खिडकीकडे बघू लागले.

गिरिजाने दिवसभर प्रयत्न केला. हळू बोलून पाहिलं, सावकाश बोलून पाहिलं. अप्पा सौजन्याने मान हलवत राहिले, पाहुण्याशी हलवावी तशी. दुपारी सुवर्णा बाजारात गेली.

परत आली तेव्हा जिन्यातच तिला बाहेरच्या खोलीतून स्वतःचा आवाज ऐकू आला.

"अप्पा. गोळी घेतली का? पाणी प्यायलात का? किती वेळा सांगायचं?"

ती पायरीवरच थांबली. आवाज तिचाच होता. तोच तुटक सूर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाकलेला तोच सुस्कारा. आपण असं बोलतो हे तिला माहीत नव्हतं. कुणीतरी सतत थकलेलं, सतत उपकार करत असलेलं माणूस बोलत होतं.

मग अप्पांचं गडगडाटी हसू ऐकू आलं. "अरे! तू बोलतीयस होय? मी म्हटलं सुवर्णी आली की काय. दाराकडं बघायलोय!"

लहानपणी गिरिजा अक्काची नक्कल करून सगळ्या घराला हसवायची. बहिणींचे गळे मुळातच एका घडणीचे. चिप ज्या खुणांवरून सुवर्णाला ओळखत होती, त्यांतल्या बऱ्याच गिरिजाकडे होत्याच. उरलेल्या तिने सुरातून आणि लयीतून भरून काढल्या. कंपनीत कुणी हा प्रयोग केला नव्हता. सुवर्णाला तो सुचलाही नसता.

ती दाराशी आली. गिरिजा अप्पांच्या पायाशी बसली होती, पाठ दाराकडे. सुवर्णाच्या रागीट, थकल्या सुरात ती बोलत होती, "मला तुमची लई आठवण येते, अप्पा. तिकडं पाणी चढलं की मी आधी तुमचा फोटो पिशवीत घालते." ती स्वतःच्या बोलण्याला हसली. पण हसू तिचं स्वतःचं होतं, त्यामुळे अप्पांना ते पोचलं नाही. ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माया करायला गेली की तिचा सूर मऊ पडायचा आणि अप्पा म्हणायचे, "गेलं, गेलं. परत बोल." मग ती परत आवाज कडक करायची. रागावल्यासारखं बोललं तरच ते ऐकू जात होतं.

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज खाली आला. "एक विचारू का, गिरी? तू तो नमुना का पाठवला नाहीस? एवढंसं तर काम होतं. मला लई लागलं ते."

गिरिजाची पाठ ताठ झाली. दारात उभ्या सुवर्णाच्या हातातली भाजीची पिशवी जड झाली.

मग गिरिजाच्या तोंडून सुवर्णाचा आवाज म्हणाला, "विसरले, अप्पा. माझी चूक झाली."

"असूं दे," अप्पा म्हणाले. "असूं दे गं. आता आलीस ना."

सुवर्णा पाय न वाजवता मागे सरकली आणि जिन्यात जाऊन बसली. तोंड लपवायला तिला तेवढीच जागा सापडली.

गिरिजा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती, तेव्हा सुवर्णा वर गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही.

"पट्टी उंच आहे म्हणालीस," गिरिजा म्हणाली. चादरीची घडी घालताना ती सुवर्णाकडे बघत नव्हती. "मी किती दिवस स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकत होते, माहितीय? तिकडं एका डॉक्टरला पण दाखवला. म्हटलं, खाली आणता येतो का."

"गिरी..."

"थांब. तू जिन्यात बसलेली दिसलीस मला. त्यांच्यासमोर मी खोटं बोलले ना, ते तुझ्यासाठी नाही. त्यांना दोन्ही लेकी पाहिजेत म्हणून बोलले. तू मला किती वर्षं वैरीण समजत होतीस तेवढं सांग."

"मी समजत नव्हते काही. एका सकाळी... फक्त एका सकाळी केलं मी ते."

"आणि मग रोज," गिरिजा म्हणाली.

सुवर्णा एक पाऊल पुढे आली. ती म्हणाली, "मी उद्याच नवीन बनवते. तू आत्ता नमुना दिलास असं सांगू. त्यांना कळणार पण नाही."

गिरिजाने दोरीवरचा शेवटचा चिमटा काढला. "तू बघ, अक्का. मला विचारू नको." आणि कपड्यांचा ढीग घेऊन खाली गेली.

तो सोपा रस्ता सुवर्णाने संध्याकाळभर मनात घोळवला. अप्पा सुखी होतील, गिरिजा आवाजाने घर भरून टाकेल, आणि आपल्याला पुन्हा शाबासकी मिळेल. त्या शाबासकीचा विचार येताच तिच्या अंगावर काटा आला. जेवायला बसल्यावर तिने भाकरी बाजूला ठेवली.

"अप्पा, गिरीनं नमुना पाठवला होता. पहिल्याच दिवशी."

अप्पांनी वर पाहिलं. चिपला सगळ्यात नीट पकडता येणारा आवाज सुवर्णाचाच होता. एकही अक्षर निसटत नव्हतं.

"मग राहिला असंल कुठंतरी," ते म्हणाले.

"राहिला नाही. मी घातला नाही."

"जागा नसंल."

"जागा होती, अप्पा."

त्यांनी घास ताटात ठेवला. "मग?"

तिला वाटलं होतं, या प्रश्नाला आपल्याकडे मोठं उत्तर असेल. इतक्या वर्षांचं काहीतरी. पण तोंडातून आलं ते एवढंच, "तुम्ही तिच्याशी हसत होता."

"एवढ्यासाठी?"

"हो."

गिरिजा ताटात बघत होती. अप्पांनी कानामागे हात नेला, चकती काढली आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. मान खाली घालून ते जेवू लागले.

त्यानंतर त्यांनी ती लावली नाही. सुवर्णा समोर येऊन उभी राहिली तरी ते तिच्याकडे बघत, पण चकतीला हात लावत नसत. गिरिजाने सुट्टी वाढवून घेतली. ती फोनवर बोलायची आणि अप्पा चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून तिचं बोलणं वाचायचे. पत्ते खेळायला आलेले कोरे चकतीकडे बघून म्हणाले, "मी तुला शिव्या द्यायच्या कशा मग?" अप्पांना तेही ऐकू गेलं नाही.

सुवर्णा विभागप्रमुख नसीमा काझी यांच्याकडे गेली. काझी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "घरातली गोष्ट आहे, सुवर्णा. नवीन चिप बनवून घे. कारण मी लिहिते. याची वाच्यता करायची गरज नाही."

"मॅडम, कुणाचे आवाज घालायचे हे आपण कुणाला विचारतो?"

"घरच्यांना."

"ज्याचा कान आहे त्याला?"

"त्याला ऐकू येत नसतं, म्हणून तर..." काझी मॅडम मधेच थांबल्या. कुणाला खटकलं नव्हतं इतकी साधी गोष्ट होती ती.

त्यांनी काही घरांमध्ये चौकशी करायला माणसं पाठवली. बार्शीच्या एका आजींच्या कानात सगळे मुलगे होते, मुलगी एकही नव्हती. लातूरच्या एका निवृत्त शिक्षकांना बायकोचा आवाज येत नव्हता. नावं शिक्षकांच्या भावाने दिली होती, आणि त्या बाईंना वाटत होतं की यंत्रच बिघडलेलं आहे. कुणी मुद्दाम केलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि कुणी, सुवर्णासारखं, चांगलं कारण सांगत होतं. यंत्र यांतलं काहीच ओळखत नव्हतं. जे आधी भरलं गेलं त्याच्यावर ते इमानाने चालत होतं.

बैठकीत नियम बदलायचा ठराव आला, तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाला, "अशी अपवादात्मक माणसं धरून सगळी पद्धत का बदलायची? कोण आपल्याच माणसाचा आवाज गाळेल?"

काझी मॅडमनी सुवर्णाकडे पाहिलं नाही. गप्प राहण्याची मोकळीक त्यांनी तिला दिली होती. सुवर्णा उभी राहिली.

"मी गाळला," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचा. माझ्या वडिलांच्या कानातून." आणि तिने सगळं सांगितलं, जागा होती हेसुद्धा, खोटं दोघांशी बोलले हेसुद्धा. सांगताना तिला स्वतःचा तो तुटक सूर ऐकू येत होता. ज्यांना तिने कंपायलर शिकवला होता ती मुलं चहाच्या कपात बघत होती. ज्याने प्रश्न विचारला होता तो लाल झाला होता, जणू चूक त्याचीच होती. बसताना सुवर्णाचे कान जळत होते.

नियम बदलला. यापुढे आवाज निवडायचे ते ज्याचा कान त्याने, घरच्यांनी नव्हे. प्रश्न मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवायचा आणि उत्तर त्याच्या तोंडून घ्यायचं. त्याच ठरावात असंही लिहिलं होतं की सुवर्णा बिराजदार यांनी कुठल्याही माणसासाठी चिप बनवू नये. ते वाक्य काझी मॅडमना लिहावं लागलं, आणि सुवर्णाने त्याला हरकत घेतली नाही.

अप्पांना गिरिजाने नव्या चिपसाठी 'निनाद'च्या केंद्रात आणलं. सुवर्णा आधीच तिथे होती. ती दाराशी उभी राहिली. तिथल्या रेश्मा नावाच्या मुलीने अप्पांना खुर्चीत बसवलं आणि पडदा त्यांच्यासमोर वळवला. तुम्हाला कुणाकुणाचे आवाज ऐकायचे आहेत?

अप्पांनी चष्मा नीट केला, प्रश्न दोनदा वाचला. "मला विचारताय?"

रेश्माने हसून मान हलवली.

"गिरिजा," अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले. शेजारच्या खोलीतल्या माणसांनी डोकावून पाहिलं. "नागव्वा. आमचे डॉक्टर. आणि मल्लू कोरे घाला. पत्त्यात लबाडी करतो, पण घाला."

रेश्माने नावं टाईप केली. ती पडद्यावर एकाखाली एक उमटली. तिने पुढे लिहिलं, आणखी कुणी?

अप्पांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. सुवर्णाला वाटलं आपण बाहेर जावं, पण ती तिथेच उभी राहिली.

"ही आहे," अप्पा म्हणाले. "हिला विचारा, हिला माझ्याशी बोलायचंय का."

सुवर्णाने काहीही म्हटलं असतं तरी त्यांना ते ऐकू जाणार नव्हतं. ती पुढे आली. रेश्मा खुर्चीवरून उठली. सुवर्णाने उभ्यानेच टाईप केलं, हो. मग ते पुसलं. काय लिहावं ते तिला सुचेना. अप्पा पडद्याकडे बघत थांबले होते, आणि गिरिजाही. शेवटी तिने लिहिलं, तुम्हाला मला ऐकायचं असेल तर.

अप्पांनी ओळीवर बोट ठेवून ते वाचलं. वाचून झाल्यावरही बोट तिथेच राहिलं.

"घाला हिला," ते रेश्माला म्हणाले. "पण शेवटी घाला."

रेश्मा सुवर्णाकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, क्रमाने यंत्राला काहीच फरक पडत नाही. सांगू का त्यांना?"

"नको," सुवर्णा म्हणाली. "ते म्हणतात तसंच घाला."

आणि रेश्माने तिचं नाव सगळ्यांच्या खाली, कोऱ्यांच्या नंतर, टाईप केलं.